बारा तास वेलोड्रोमवर: किती वॅट धरायचे?

खडकवासला_लूप

नमस्कार मंडळी. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या २५० मीटरच्या लाकडी वेलोड्रोमवर (वळणांत उतार दिलेला सायकलचा ट्रॅक) १२ तासांचा प्रयत्न करायचा विचार आहे. रस्त्यावर ४०० आणि ६०० किमीच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) होतात, पण ट्रॅकवर इतका वेळ कधी नाही. आकडे असे: वजन ७२ किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर) २५० वॅट, सायकल ९ किलो, एरोबार (पुढे झुकून कोपरं टेकवायचे दांडे) आहेत, सीडीए (स्वार आणि सायकल मिळून हवेला किती अडवतात त्याचं माप; कमी तेवढं चांगलं) अंदाजे ०.२६. फिक्स्ड गिअर (चाक फिरतं तोवर पेडल फिरतंच), पुढे-मागे दात ५०×१५. उद्दिष्ट ४३० किमी.

१. बारा तासांसाठी एफटीपीच्या किती टक्के धरावे?
२. पहिल्यापासून एकच वॅट ठेवायचे, की सुरुवातीला हात राखून शेवटी वाढवायचे?
३. रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायचं साधन) पॉवर मीटर नीट चालतो, पण बालेवाडीच्या काँक्रीट ट्रॅकवर दर लॅपला आकडा वरखाली उड्या मारतो. बघायचं नेमकं काय?

"मजा घ्या, शरीराचं ऐका" छापाची उत्तरं नकोत, प्लीज.

वॅटमोजणी

आधी ४३० चं गणित करू, कारण प्रश्न १ चं उत्तर त्यातच आहे.

हवेची घनता १.१५, टायरचा रोलिंग गुणांक ०.००३, सायकलसकट वजन ८१ किलो, वळणातल्या जादा भारासाठी ५ टक्के आणि चेनमध्ये जाणारे अडीच टक्के धरले, तर सीडीए ०.२६ ला लागणारी पॉवर अशी येते:

३२ किमी/तास: १३१ वॅट
३४: १५३
३६: १७९
३८: २०७
४०: २३९

थांबण्यात एकूण १२ मिनिटं गेली असं समजा (यापेक्षा कमी जातील असं धरू नका). मग ४३० किमीसाठी चालता वेग ३६.४ लागतो, म्हणजे १८५ वॅट. तुमच्या एफटीपीच्या ७४ टक्के. हे सहा तासांचं काम आहे, बाराचं नाही. चांगली तयारी असलेल्या हौशी स्वाराला सहा तासांना ७० ते ७५ टक्के, बारा तासांना ६२ ते ६६ आणि चोवीस तासांना ५० ते ५८ टक्के झेपतात. तुमच्यासाठी बारा तासांचे १५५ ते १६५ वॅट.

१६० वॅटला आत्ताच्या पोझिशनमध्ये ३४.५ चा वेग मिळेल, एकूण साधारण ४०७ किमी. वरचे तेवीस किलोमीटर पायातून काढायला जाल तर आठव्या तासाला संपाल. ते हवेतून काढा. सीडीए ०.२३ झाला की त्याच १६० वॅटला ३५.९ चा वेग येतो आणि ४२३ किमी होतात. ४३० साठी तेव्हाही १६७ वॅट, म्हणजे ६७ टक्के लागतात. शक्य आहे, पण काठावरचं. मी ४२० लिहून ठेवलं असतं.

घाटमाथा

वरचं मान्य, एक भर घालतो. प्रश्न २ चं उत्तर सरळ आहे: सपाट. हवेचा रोध कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे वेगात जरा जरी चढउतार झाला तरी मोठा फटका बसतो. २०१५ मध्ये मेलबर्नला जॅक बॉब्रिजने आवर रेकॉर्डच्या (ट्रॅकवर एका तासात जास्तीत जास्त अंतर) प्रयत्नात सुरुवात भन्नाट केली आणि दुसऱ्या अर्ध्या तासात वेग घसरत गेला. ५१.३०० किमी झाले आणि मथियास ब्रँडलेचा तेव्हाचा ५१.८५२ चा विक्रम शाबूत राहिला. एका तासात ही गत, तर बारा तासांत काय होईल. १६० म्हणजे १६०, स्क्रीनवरून नजर हलवायची नाही.

वॅटमोजणी

@घाटमाथा, निष्कर्ष बरोबर आहे, कारण चुकलंय. आकडे लावून बघा. अर्धा वेळ ३८ आणि अर्धा वेळ ३४ ने चालवलं तर सरासरी वेग ३६ आणि सरासरी पॉवर १८०. सलग ३६ ला १७९. फरक एका वॅटचा! ४० आणि ३२ असा अघोरी झोका घेतला तरी सरासरी १८५ येते, सहा वॅट जास्त. म्हणजे घनाचा नियम कागदावर जेवढा भीतिदायक वाटतो, तेवढा या वेगांना नाही.

खरा फटका इंधनाचा आहे. १६० वॅटला चरबीचा वाटा चांगला असतो. २३९ वॅट म्हणजे एफटीपीच्या ९६ टक्के, तिथे जवळजवळ सगळं ग्लायकोजेनवर (स्नायू आणि यकृतातल्या कार्बच्या साठ्यावर) चालतं. पुढे ३२ ने आराम केलात म्हणून जळलेलं ग्लायकोजेन परत येत नाही. अंगात एकूण साठा ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. बारा तास १६० वॅट म्हणजे ६९०० किलोज्यूल काम, आणि शरीराची कार्यक्षमता लक्षात घेता खर्चही जवळपास तेवढ्याच किलोकॅलरींचा. तासाला ८० ग्रॅम कार्ब पोटात गेले तर बारा तासांत ३८०० भरून निघतात. बाकीचे ३१०० साठा आणि चरबी मिळून द्यायचे आहेत. हा हिशेब १६० ला जेमतेम बसतो, १८५ ला बसत नाही. एवढंच.

त्यामुळे एका लॅपमध्ये १५० दिसले की १७०, याची फिकीर करू नका. सलग पाच मिनिटं १८५ च्या वर राहू नका.

फिक्स्डगिअरवाला

सगळे वरच्या मर्यादेबद्दल बोलताहेत. ट्रॅकवर खालचीही मर्यादा असते, आणि ब्रेव्हेवाल्यांना तिचीच सवय नसते. रस्त्यावर दमलात तर २२ ने चालवता येतं. लाकडी ट्रॅकवर २२ ने वळणात शिरलात तर सायकल खाली घसरते.

वळणाची त्रिज्या २५ मीटर आणि उतार ४२ अंश धरा. ३६ च्या वेगाला सायकल उभ्या रेषेपासून साधारण २२ अंश आत झुकते. ट्रॅक ४२ अंशांत आहे, म्हणजे सायकल पृष्ठभागाला काटकोनात नसते, २० अंशांनी बाहेरच्या बाजूला कलंडलेली असते. टायरला लागणारा घर्षण गुणांक ०.३६. ३० च्या वेगाला झुकाव १५.८ अंश, फरक २६.२, लागणारं घर्षण ०.४९. २७ ला ०.५५ च्या वर. स्वच्छ कोरड्या लाकडावर निभावतं. घामाचे थेंब, धूळ किंवा सांडलेलं एनर्जी ड्रिंक असेल तर नाही. (फिलिप्पो गानाने २०२२ मध्ये ग्रेंचेनला आवर रेकॉर्डमध्ये ५६.७९२ किमी केले तेव्हा त्या वेगाला झुकाव ४५ अंशांच्या आसपास येतो, सायकल ट्रॅकला जवळजवळ काटकोनात. त्याला ही अडचणच नव्हती. आपल्याला आहे.)

म्हणून लॅपच्या वेळेवर कुंपण घाला. २५० मीटरसाठी सोपं सूत्र: ९०० भागिले वेग, उत्तर सेकंदात. ३६ ला २५.०, ३४.५ ला २६.१, ३१ ला २९.०. सलग तीन लॅप २९ च्या वर गेले तर वाद न घालता खाली उतरायचं. पाच मिनिटं बसायचं, खायचं, मग परत. दहाव्या तासाला २४ ने रेंगाळत दोन किमी वाचवण्याच्या नादात हाड मोडतं.

यातून आणखी दोन गोष्टी निघतात:

कमी वेगाला सायकल बाहेर कलंडलेली असल्याने उजवं पेडल ट्रॅकच्या जवळ येतं. क्रँक (पेडलचा दांडा) १६५ मिमीचाच लावा आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस) उंच असलेली ट्रॅक फ्रेम घ्या. रस्त्याच्या फ्रेमवर फिक्स्ड हब बसवून आणाल तर पेडल घासेल.

टायर उजव्या खांद्यावर झिजतो, मधोमध नाही. आदल्या दिवशीच्या सरावानंतर तो भाग बोटाने चाचपून बघा, आणि टायर स्पिरिटने पुसूनच ट्रॅकवर चढा.

गिअरबद्दल: ५०×१५ म्हणजे एका फेरीत जवळपास ७ मीटर. ३६ ला ८६ आरपीएम (मिनिटाला पेडलचे फेरे), ३४.५ ला ८२, ३१ ला ७४. ठीक आहे, बदलू नका. ५२×१५ घेतलात तर सुरुवातीला छान वाटेल, पण शेवटच्या दोन तासांत ७० च्या आसपास ढकलत बसाल आणि गुडघे बोलायला लागतील. फिक्स्डवर पाय कधीच थांबत नाहीत, ८४ च्या सरासरीने बारा तासांत साठ हजारांच्या आसपास फेरे होतात. क्लीटचा (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) कोन एखाद्या अंशाने चुकला तरी इथे कळतो.

खडकवासला_लूप

दंडवत! ही खालची मर्यादा डोक्यातच नव्हती. म्हणजे १८५ च्या वर जायचं नाही आणि ३१ च्या खाली यायचं नाही. मधली पट्टी फारच चिंचोळी आहे. पॉवर मीटरच्या उड्यांचं काय पण? आणि सीडीए ०.२६ हा आकडा मी एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरून घेतलाय, तो खरा आहे का हे कसं कळणार?

रात्रपाळी

उड्यांचं कारण: वळणात तुम्ही आत झुकता, तेव्हा शरीराचं गुरुत्वमध्य चाकांपेक्षा लहान वर्तुळात फिरतं. शरीराचा वेग तोच राहतो, पण चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून चाकाचा वेग वाढतो. तुमच्या वेगाला साधारण दीड टक्का, आवर रेकॉर्डच्या वेगाला तीन टक्के. फिक्स्ड असल्याने केडन्सही (पेडल फिरण्याचा वेग) तसाच वरखाली होतो. वळणात शिरताना पेडल हलकं लागतं, सरळ भागावर येताना जड. त्यात स्क्रीन दर सेकंदाला आकडा बदलते, तर २५ सेकंदांच्या लॅपमध्ये दोन वळणं. दिसणारा आकडा निरुपयोगीच असणार. बालेवाडीला वर उघडं आकाश, म्हणून वाऱ्याची भर: ताशी सात किमीचा वारा असला तरी सरळ भागावर जाताना-येताना मिळून हवेचा रोध सुमारे ४ टक्के वाढतो. मागून लागलेला वारा समोरच्याची पूर्ण भरपाई कधीच करत नाही.

स्क्रीनवर दोनच रकाने ठेवा, पाच मिनिटांची सरासरी पॉवर आणि एकूण वेळ. लॅपची वेळ काठावरच्या माणसाने सांगायची, दर दहा लॅपनंतर, एकच आकडा: "सव्वीस दोन." छताखाली जीपीएस नाही, त्यामुळे ऑटो लॅप विसरा. चाकाच्या सेन्सरचं अंतरही धरू नका, कारण तो तुम्ही प्रत्यक्ष चाललेलं अंतर मोजतो आणि हिशेबात धरलं जातं ते काळ्या रेषेचं, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कडेजवळच्या मोजणीच्या रेषेचं.

ही काळी रेषा महागात पडते. तिच्या २० सेमी वरून चालवलंत तर प्रत्येक लॅपला १.२६ मीटर फुकट जातात. १६५० लॅपला गुणा, दोन किमीच्या वर. काळ्या आणि तिच्या वरच्या लाल रेषेच्या मधोमध राहिलात तर तीन किमी. वळणातून बाहेर पडताना सायकल आपोआप वर सरकते, नुकसान तिथे होतं. नजर पुढच्या वळणाच्या सुरुवातीला ठेवा, चाकाकडे नको.

झिरो ऑफसेट (पॉवर मीटरचं शून्य जुळवणं): सायकल हॉलमध्ये अर्धा तास ठेवून, मग. एसी गाडीतून काढून लगेच झिरो केलंत तर तासाभरात आकडा पाच-सात वॅटने सरकू शकतो, आणि आपल्याला पाच वॅटच राखायचे आहेत. फिक्स्डवर पाय थांबत नसल्याने मीटरला मध्येच स्वतःहून झिरो करायला वाव मिळत नाही. प्रत्येक थांब्यावर पुन्हा करा, दहा सेकंदांचं काम आहे. एकाच बाजूचा मीटर असेल तर आधी दोन्ही बाजूंच्या मीटरशी ताडून बघा. ४८-५२ चा फरक असेल तर १६० च्या जागी १५४ किंवा १६६ दिसतील.

वॅटमोजणी

सीडीए मोजायला वेलोड्रोमसारखी जागा नाही, वारा नाही आणि चढ नाही. पद्धत अशी: १५ मिनिटं वॉर्मअप. मग पोझिशन अ मध्ये १६० वॅटवर १६ लॅप, चार मिनिटं विश्रांती, पोझिशन ब मध्ये १६ लॅप, विश्रांती, पुन्हा ब, शेवटी पुन्हा अ. हा अ-ब-ब-अ क्रम मोडायचा नाही, कारण हॉल हळूहळू तापतो आणि हवाही तुमच्याबरोबर फिरायला लागते. अ आधी आणि ब नंतर एवढंच केलंत तर ब नेहमी जिंकतो. प्रत्येक संचातले पहिले चार लॅप टाकून द्या. ट्रॅकवर त्या वेळी दुसरं कोणी नको, दोन जण जरी फिरत असले तरी निकाल बिघडतो.

वाचन: १६० वॅटच्या आसपास सीडीए ०.०१ ने बदलला की लॅप साधारण एक तृतीयांश सेकंदाने बदलतो. २६.१ चा २५.८ झाला, म्हणजे ०.०१ मिळालं. त्याहून बारीक फरकावर पैसे खर्च करू नका.

मिळवायचं कुठून? आधी डोकं, खांदे वर खेचून मान आत. मग कोपरांमधलं अंतर, मग स्किनसूट, मग हेल्मेट. चाकं सगळ्यात शेवटी. पण प्रत्येक पोझिशन दोन तास सलग टिकते का तेही बघा. ०.२२ ची पोझिशन दर तासाला दहा मिनिटं सोडून हँडलवर उठावं लागत असेल तर तिथे सीडीए ०.३२ च्या घरात जातो आणि त्याच १६० वॅटला वेग ३२.४ वर येतो. बारा तासांत असे दोन तास होतात, सात-आठ किमी गेले. त्यापेक्षा न हलता टिकणारी ०.२३ परवडली.

घाटमाथा

@वॅटमोजणी, एका वॅटचा हिशेब पटला. 🙂

मग वेळापत्रक असं बसवू का? पहिला तास १५५, त्यात एकही पाच-मिनिट सरासरी १६५ च्या वर नाही. दुसरा ते आठवा १६० ते १६५. पुढे जे राहील ते. शेवटच्या चार तासांत १५० ते १५५ पर्यंत खाली आलं तर ती नैसर्गिक घसरण, सहा-सात टक्के. १५ टक्क्यांहून जास्त पडलं तर सुरुवात जड झाली किंवा खाणं चुकलं. "शेवटी वाढवू" हा बेत बारा तासांत नको. राखून ठेवलेलं शेवटी वापरता येईलच असं नाही, मानेने आणि पोटाने आधीच निकाल लावलेला असतो. हृदयगती तिसऱ्या तासाची लिहून ठेवा. त्याच वॅटला ती दहा ठोक्यांनी वर गेली असेल तर आधी पाणी आणि पंखा बघा, वॅट नंतर.

रात्रपाळी

वेळापत्रक चालेल. आठव्या तासानंतर वॅटपेक्षा लॅपच्या वेळेवर चालवा, कारण तेव्हा महत्त्वाची तीच २९ ची रेषा.

हॉलचं तापमान: आवर रेकॉर्डवाले हवा विरळ व्हावी म्हणून हॉल मुद्दाम गरम ठेवतात. पाच अंश वाढले की घनता पावणेदोन टक्क्यांनी उतरते. एक तास सोसतं. १६० वॅट काम म्हणजे जवळपास ५०० वॅट उष्णता, बारा तास. तुम्हाला २० ते २२ अंश हवेत. दिल्लीत म्हणजे नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी.

बाटली: ९० ग्रॅम कार्बसाठी साखर ६० ग्रॅम, माल्टोडेक्स्ट्रिन (पचून सगळं ग्लुकोज होणारी पूड) ३० ग्रॅम, मीठ दीड ग्रॅम, ७५० मिली पाणी. साखरेत अर्धं फ्रुक्टोज असल्याने ग्लुकोज-फ्रुक्टोज बरोबर दोनास एक बसतं, वेगळं फ्रुक्टोज विकत आणायला नको. हे दीड तासात संपवा, म्हणजे तासाला ६०. वरचे २० ग्रॅम खाण्यातून: खजूर, केळं, मिठाचा उकडलेला बटाटा. साधं पाणी वेगळं. सुरुवातीपासून सगळं गोडच घेतलं तर सहाव्या तासाला ते घशाखाली उतरत नाही, म्हणून तिसऱ्या तासापासून दर तासाला काहीतरी खारट.

चालत्या सायकलवर बाटली द्यायची असेल तर फक्त सरळ भागावर, आणि देणारा माणूस आतल्या बाजूला. सरळ भाग तुमच्या वेगाला चार सेकंदांत संपतो, त्यामुळे एकदा चुकली की सोडून द्या, पुढच्या लॅपला. बाटली पडली की ट्रॅक ओला, आणि वर फिक्स्डगिअरवाल्यांनी घर्षणाचं सांगितलंच आहे. मला तरी सीटच्या मागे दोन बाटल्या, एरोबारमध्ये एक, आणि पावणेतीन तासांनी तीन मिनिटांचा थांबा हे बरं वाटतं. असे चार थांबे म्हणजे तुमची बारा मिनिटं झाली. सायकलला ब्रेक नाहीत, वेग उतरवायला दोन लॅप लागतात, तेव्हा थांबायचं आहे हे काठावरच्याला आधी हाताने दाखवा.

फिक्स्डगिअरवाला

बारा तास फक्त डावीकडे वळायचं आहे. मान सतत डावीकडे, भार उजव्या ढुंगणावर, डावा हात सुन्न. दर वीस मिनिटांनी मागच्या सरळ भागावर पाच-सहा पेडल उभं राहून मारा. बसताना मागे झटका देऊ नका, फिक्स्डवर मागचं चाक लगेच खेचतं. सरावात चार तासांचं एक तरी सत्र ट्रॅकवरच हवं. रोलरवर मानेची आणि त्या बाजूच्या सीटची परीक्षा होत नाही.

चेन मेणात बुडवून घ्या, तेल नको. थेंब ट्रॅकवर पडतात. ताण दोन्ही टोकांना तपासा, चेनरिंग जरा जरी लंबगोल असली तर एका ठिकाणी चेन घट्ट होते आणि दुसरीकडे लोंबते. घट्ट जागी अर्धा सेंटिमीटर हालली पाहिजे. मागच्या चाकाचे नट स्पॅनरने आवळा, आणि पहिल्या थांब्यावर पुन्हा.

खडकवासला_लूप

@वॅटमोजणी, पुढच्या आठवड्यात ट्रॅकचा स्लॉट मिळतोय, अ-ब-ब-अ करून लॅपच्या वेळा इथेच टाकतो. उद्दिष्ट ४२० केलं. ५२ ची चेनरिंग कुणाला हवी आहे का, न वापरलेली?